हरवलेल्या आजोळाचा शोध

वार्धक्यात माणूस पुनःपुन्हा जुन्या गोष्टींकडे वळतो, ही बाब विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बहुधा मेंदूच्या झिजेचे किंवा वर्तमानाकडे पाठ फिरवल्याचे लक्षण समजली जात होती. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट बटलर यांनी १९६३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका निबंधात या समजुतीला छेद दिला आणि मृत्यूची जवळीक जाणवू लागली की मन आपल्या आयुष्याचा हिशेब आपोआप मांडू लागते, ही क्रिया रोगट नसून स्वाभाविक आहे, असे मत मांडले. या क्रियेला जीवनपुनरावलोकन म्हणता येईल. नुसत्या आठवणी सांगण्याहून ते वेगळे असते, कारण त्यात घडलेल्या गोष्टीचे मोल ठरवणे, राहून गेलेल्याकडे पाहणे आणि न जुळलेले धागे जुळतात का हे तपासणे यांचा समावेश होतो. एरिक एरिक्सन यांनी जीवनाच्या अखेरच्या टप्प्यातील संघर्ष, आपले आयुष्य एकसंध वाटणे आणि ते वाया गेल्याची हताशा वाटणे, या दोन टोकांमधला असल्याचे सांगितले होते, आणि त्या विचाराशी बटलर यांची मांडणी जुळणारी आहे. बटलर स्वतः आईवडील विभक्त झाल्यामुळे तान्हेपणापासून आईच्या आईवडिलांकडे, म्हणजे मराठीत ज्याला आजोळ म्हणतात तेथे, वाढले होते. वृद्धांविषयीच्या त्यांच्या आस्थेचे मूळ त्या घरात असावे, असे मानण्यास हरकत नाही.

या पुनरावलोकनात काही वृद्धांपुढे एक रिकामी जागा येते आणि तेथे कथन अडते. ती जागा आईची, किंवा आईच्या आईची असते. आई कोण होती, कोणत्या गावची, कोणाची मुलगी, यांपैकी काहीच ठाऊक नसलेली माणसे महाराष्ट्रात वाटतात त्याहून अधिक आहेत, आणि याची कारणे पुष्कळदा एखाद्या गुपितात नसून व्यवहाराच्या रीतीत असतात. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने नवे नाव लिहिण्याची प्रथा ज्या घरांत पाळली जाई, तेथे मुलीचे माहेरचे नाव त्या दिवसापासून कागदावरून आणि हळूहळू बोलण्यातूनही नाहीसे होई. एकत्र कुटुंबात धाकटे दीर ‘वहिनी’ म्हणत म्हणून पोटची मुलेही आईला ‘वहिनी’च म्हणत, तर कोठे ती ‘काकू’, ‘अक्का’ किंवा ‘माई’ असे. नवऱ्याने नाव घ्यायचे नाही आणि थोरांनी ‘अमक्याची आई’ म्हणून हाक मारायची, अशा घरात वयाच्या चौथ्या-पाचव्या वर्षी आईला मुकलेल्या मुलाला तिचे नाव कळण्याचा मार्गच उरत नसे. वडिलांचे दुसरे लग्न झाले की आजोळशी येणे-जाणे कमी होई. सावत्र आईचे मन दुखावू नये म्हणून पहिलीचा विषय घरात निघत नसे, आणि दहा-पंधरा वर्षांत तो विषय काढू शकणारी माणसेही निघून जात.

आज ऐंशीच्या घरात असलेल्यांच्या आज्यांची पिढी १८९० ते १९०० च्या आसपास जन्मलेली होती, म्हणजे १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत ती ऐन तारुण्यात होती. त्या साथीने तरुणांना अधिक गाठले, हिंदुस्थानात पुरुषांपेक्षा स्त्रिया अधिक दगावल्या, आणि एकट्या मुंबई इलाख्यातील बळींचा अंदाज सुमारे १० लाखांचा आहे. आईची आई कोण, हा प्रश्न अनेक कुटुंबांत याच ठिकाणी येऊन थांबतो. याखेरीज ज्या पोरक्या मुली नात्यात किंवा शेजारी वाढवल्या गेल्या, त्यांची गोष्ट आणखी वेगळी आहे. १९५६ च्या हिंदू दत्तक कायद्यापूर्वी शास्त्रोक्त दत्तकविधान सामान्यतः मुलाचेच होत असे. मुलगी ‘सांभाळली’ जाई आणि सांभाळण्याचा कागद होत नसे. दत्तक गेलेल्या मुलाच्या जन्मदात्यांचा माग दत्तकपत्रातून लागू शकतो, तसा सांभाळलेल्या मुलीच्या बाबतीत लागत नाही.

धर्मविधींत मातृकुळाची आठवण ठेवलेली आहे, असा यावर एक प्रतिवाद केला जातो, आणि तो अर्धाच खरा आहे. श्राद्ध-तर्पणात माता, पितामही, प्रपितामही यांच्याबरोबर मातामह, म्हणजे आईचे वडील, त्यांचे वडील आणि आजोबा, तसेच या तिघांच्या पत्नी यांचे नामोच्चार सांगितले आहेत. परंतु नीट पाहिले तर ही सगळी साखळी पुरुषांच्या ओळीने जाते: पितामही ही वडिलांच्या घरातली, आणि आईची आई तिच्या नवऱ्याच्या कुळातली म्हणून येते. आईच्या आईचे माहेर या मोजणीत कोठेच बसत नाही.

आपल्या उगमाविषयी माहिती नसलेल्या मुलांच्या मनातील गोंधळाला ब्रिटिश मानसतज्ज्ञ एच. जे. सँट्स यांनी १९६४ मध्ये एक नाव दिले, त्याचा भावार्थ वंशविषयक संभ्रम असा होतो. ही संज्ञा दत्तक मुलांविषयी असली तरी वृद्धांच्या कथनातही तिची छाया दिसते. फरक एवढाच की वृद्धाने त्या संभ्रमासह एक संपूर्ण आयुष्य काढलेले असते आणि त्याभोवती स्वतःचे एक स्पष्टीकरण रचलेले असते. ‘आजोळच्यांनी आम्हाला टाकले’ हे असेच एक स्पष्टीकरण असते. शोधात ते कोसळू शकते, किंवा खरेही ठरू शकते, आणि दोन्ही गोष्टी सोसायला लागतात. त्यामुळे कागदांकडे धाव घेण्याआधी ऐकणे पुरे व्हायला हवे. घरातील उत्साही नातवंडे हा क्रम बहुधा उलटा करतात. आठवडाभरात वंशावळीचा तक्ता तयार होतो आणि ज्या आजीसाठी तो केला तिला त्यात बोलायला जागाच मिळत नाही.

परिचारिका-संशोधक बार्बरा हाइट यांनी रूढ केलेल्या जीवनपुनरावलोकनाच्या पद्धतीत एकच ऐकणारा, साधारण तासाभराची बैठक, आणि आठवड्याला एक अशा सहा ते आठ बैठका असतात. बालपणापासून क्रमाने पुढे येत शेवटी संपूर्ण आयुष्याचे मूल्यमापन केले जाते. आईविषयी काहीच ठाऊक नसलेल्या व्यक्तीच्या बाबतीत पहिल्याच बैठकीत, बालपणाच्या ओघात, तो प्रश्न समोर येतो आणि ‘मला काही आठवत नाही’ या वाक्यावर संपतो. तेथे रेंगाळू नये. स्त्रीच्या कथनात तिचे स्वतःचे पहिले बाळंतपण येते, किंवा आई गेली त्या वयाला ती स्वतः पोहोचल्याचा काळ येतो, तेव्हा आईचा विषय न विचारता निघतो आणि त्या वेळी पहिल्या बैठकीत न आलेले तपशील येतात: बाळंतपणाला कोणी आले नाही, मग डिंकाचे लाडू कोणी पाठवले, बारशाला कुंची कोणी शिवली, लग्नात मामा म्हणून अंतरपाटाजवळ कोण उभे राहिले. शेवटचा प्रश्न विशेष उपयोगाचा आहे, कारण सख्खा मामा नसेल तर त्याच्या जागी कोणालातरी उभे करावे लागते, आणि तो ‘कोणीतरी’ अनेकदा आईचा चुलतभाऊ किंवा तिच्या गावचा असतो.

स्मृतीच्या मर्यादा ऐकणाऱ्याला ठाऊक असाव्यात. साधारणपणे वयाच्या तीन-साडेतीन वर्षांआधीचे प्रसंग प्रौढपणी आठवत नाहीत; त्या वयातील म्हणून सांगितलेले दृश्य बहुधा नंतर ऐकलेल्या गोष्टीवर उभे असते. आठवण म्हणजे साठवलेली प्रत नसून प्रत्येक वेळी नव्याने होणारी मांडणी असते, हे फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ मध्येच दाखवून दिले होते. एलिझाबेथ लॉफ्टस यांच्या १९९५ च्या प्रसिद्ध प्रयोगात, लहानपणी बाजारसंकुलात हरवल्याची खोटी हकीकत घरच्यांच्या हवाल्याने सांगितल्यावर सुमारे चतुर्थांश लोकांना ती पूर्णतः किंवा अंशतः ‘आठवली’. म्हणून ‘तुमची आई गोरी होती ना?’ असे विचारण्याऐवजी ‘आईविषयी कोण काय म्हणत असे?’ असे विचारणे योग्य ठरते. टिपणवहीत स्वतः पाहिलेले, दुसऱ्याकडून ऐकलेले आणि कागदावरून कळलेले या तीन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात, ऐकलेले कोणाकडून ऐकले तेही लिहावे, आणि शक्य तेथे वृद्ध व्यक्तीचे शब्द तसेच उतरवावेत, कारण बोलीतला एखादा शब्दच पुढे दिशा दाखवतो. नगरकडच्या घरात वाढलेली स्त्री एखाद्या पदार्थाला किंवा भांड्याला वऱ्हाडी किंवा मालवणी नाव वापरत असेल, तर तो शब्द तिला कोणी दिला हे विचारण्याजोगे आहे.

घरातल्या चालीरीतींत दडलेली माहिती याहून पक्की असते, कारण ती कोणी आठवून सांगितलेली नसून वर्षानुवर्षे केलेली असते. भाद्रपद वद्य नवमीला, म्हणजे अविधवा नवमीला, सवाष्ण जेवायला घालण्याची पद्धत घरात असेल तर नवरा हयात असताना गेलेली एक स्त्री त्या घरात होऊन गेली, एवढे निश्चित होते. तिच्या वर्षश्राद्धाची तिथी कोणाला ठाऊक असेल तर जुन्या पंचांगांच्या आधारे संभाव्य तारखा काढता येतात आणि मृत्यूनोंदीत कोणत्या वर्षांची पाने चाळायची हे ठरते. काही घरांत दुसरी बायको पहिलीचा चांदीचा टाक देव्हाऱ्यात ठेवून त्याची पूजा करी, ही सवतीच्या स्मरणाची रीत होती. तो टाक कोणाचा हे मुलांना सांगितलेले नसले तरी टाक असतो. कुलदैवताखेरीज आणखी एखाद्या देवाला वर्षातून एकदा नारळ जात असेल, तर तो आईच्या माहेरचा देव असण्याची शक्यता पडताळून पाहावी. दळताना-कांडताना गायिलेल्या ओव्यांत माहेरच्या गावाचे, नदीचे, भावाचे नाव सहज येते. हेमा रायरकर आणि गी पॉइट्व्हाँ यांनी महाराष्ट्रभर एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, त्यांवरून हा साठा किती मोठा होता याची कल्पना येते. ओवी पिढ्यान्‌पिढ्या उसनी घेतली जाते, त्यामुळे तिच्यातले गाव हा पुरावा नव्हे, केवळ विचारपूस सुरू करण्याचे ठिकाण आहे.

कागदांकडे वळताना सर्वांत मोठी चूक होते ती वडिलांच्या गावात शोधण्याची. पहिले बाळंतपण माहेरी होण्याची रीत लक्षात घेतली तर थोरल्या अपत्याच्या जन्माची नोंद वडिलांच्या गावात नसून आजोळच्या गावात असण्याचा संभव अधिक असतो. शाळा सोडल्याच्या दाखल्यात जन्मस्थळाचा रकाना असतो, आणि ज्या गावाशी कुटुंबाचा काही संबंध कधी ऐकिवात नाही असे गाव तेथे लिहिलेले असेल तर ते बहुधा आईचे माहेर असते. धाकट्या अपत्याने थोरल्या भावंडाचा दाखला यासाठी मुद्दाम पाहावा. गावपातळीवरील जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदी गाव नमुना १४ मध्ये, म्हणजे ज्याला कोतवाल बुक म्हणतात त्यात, सापडतात. बाळाचे नाव तेथे पुष्कळदा नसतेच, कारण नोंद बारशाआधी होई. ‘अमक्यास मुलगी’ एवढेच लिहिलेले असते. या वह्यांतील जुनी पाने मोडी लिपीत आहेत. कुणबी नोंदींच्या शोधामुळे २०२३ पासून या वह्या मोठ्या प्रमाणावर धुंडाळल्या गेल्या आणि मोडी वाचणाऱ्यांना अचानक मागणी आली, हा या कामाला मिळालेला अनपेक्षित लाभ आहे.

तरीही मातृकुळासाठी सर्वांत बोलका कागद जन्माचा नसून जमिनीचा असतो. आजोबांच्या, म्हणजे आईच्या वडिलांच्या, मृत्यूनंतर वारसांची नोंद करण्यासाठी जो फेरफार होतो, त्यात मुलांबरोबर मुलींचीही नावे येतात. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानंतर मुलगी पहिल्या वर्गाची वारस ठरली आणि ती वडिलांच्या आधी वारली असल्यास तिची मुलेही. म्हणजे आपले आजोळ कोठे हे ज्या वृद्धेला ठाऊक नाही, तिचे स्वतःचे नाव एखाद्या तलाठी कार्यालयातील जुन्या फेरफारात लहान वारस म्हणून लिहिलेले असू शकते. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी मुलींची नावे गाळली गेली, किंवा त्यांच्याकडून हक्कसोड पत्र लिहून घेतले गेले. पण हक्कसोड पत्रातही सही किंवा अंगठा करणारी बहीण कोण आणि कोणाची बायको, हे लिहावे लागते. भावांना जमीन मिळावी म्हणून केलेला कागद अशा रीतीने बहिणीचा पत्ता जपून ठेवतो.

जमीन नसलेल्या कुटुंबांसाठी हा मार्ग बंद असतो, आणि तेथे लग्नातल्या आहेराची वही अधिक कामाची ठरते. कोणी कोणत्या गावाहून काय दिले याची ही यादी परतफेडीच्या व्यवहारासाठी ठेवली जाई आणि त्यामुळे ती प्रामाणिक असते. मामाकडचा आहेर तिच्यात स्वतंत्रपणे दिसतो. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर, काशी, गया येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेकरूंच्या पिढ्यांची नामावळी मिळते. त्या आडनाव आणि मूळ गाव यांनुसार लावलेल्या असल्याने आजोळचे आडनाव आधी कळलेले असावे लागते, नाहीतर उपाध्याय तरी कोणती वही काढणार? ख्रिस्ती कुटुंबांत बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत आईवडिलांबरोबर धर्ममाता-धर्मपित्यांची नावे असतात, आणि ती पुष्कळदा आईच्या बाजूच्या नातलगांची निघतात. मुस्लिम कुटुंबांत निकाहनाम्यात वधूच्या वडिलांचे नाव येते. या दोन्ही नोंदींत स्त्रीची ओळख लग्नाच्या वेळी पुसली गेलेली नसल्याने काम काहीसे सोपे होते.

जनुकीय चाचणीविषयी अलीकडे फार आशा बाळगल्या जातात. पेशीतील मायटोकॉन्ड्रिया या घटकांचा स्वतःचा छोटासा डीएनए असतो, तो १६,५६९ बेसजोड्यांचा असून केवळ आईकडून मुलांना मिळतो, म्हणून मातृकुळाचा माग त्यावरून काढता येतो हे खरे आहे. परंतु हा माग हजारो वर्षांच्या मोजमापाचा आहे. भारतातील निम्म्याहून अधिक लोक ‘एम’ नावाच्या एकाच महाशाखेत मोडतात, त्यामुळे त्या अहवालातून आईचे नाव किंवा तालुका कळत नाही. जवळचे नातलग जुळवणारी चाचणी वेगळी असते आणि ती तेव्हाच उपयोगी पडते जेव्हा दुसऱ्या बाजूच्या कोणीतरी ती केलेली असते. भारतातील जुन्या ग्रामीण कुटुंबांच्या बाबतीत तशी शक्यता कमी आहे. शिवाय ती विचारलेल्या प्रश्नाखेरीज न विचारलेल्या प्रश्नांचीही उत्तरे देते, उदाहरणार्थ वडील कोण, आणि हे परिणाम वृद्ध व्यक्तीला आधी समजावून न सांगता तिचा नमुना घेणे अन्यायाचे आहे.

आतापर्यंतचे विवेचन, आई लपवलेली नसून केवळ नोंदलेली नाही, या गृहीतावर चालले. काहींच्या बाबतीत ती हेतुपूर्वक लपवलेली असते. विधवांची अपत्ये मारली जाऊ नयेत म्हणून जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, आणि १८७५ मध्ये पंढरपूरला प्रार्थना समाजाच्या मंडळींच्या प्रयत्नांतून बालकाश्रम सुरू झाला. अशा संस्थांचा पायाच मातेला दिलेल्या गुप्ततेच्या वचनावर होता. फुले दांपत्याने दत्तक घेतलेला यशवंत हा काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेचा मुलगा होता हे आज सर्वांना ठाऊक आहे, कारण ते घरच त्या वचनामागची लाज मानत नव्हते. इतर शेकडो मातांची नावे उघड झाली असती तर त्या काळच्या समाजाने त्यांना सुरक्षित राहू दिले नसते. आज दत्तक व्यक्तींच्या ‘मुळांच्या शोधा’साठी भारतात नियम आहेत आणि त्यांतही जन्मदात्या मातेच्या गोपनीयतेला स्थान आहे. माता मृत्यू पावली म्हणून वचन संपले का, यावर मतभेद होऊ शकतात. ऐंशी वर्षांच्या व्यक्तीला आपल्या जन्माची माहिती मिळण्याचा अधिकार अधिक वजनाचा मानावा, मात्र त्या मातेच्या पुढच्या संसारातील मुलांच्या दारात ही माहिती घेऊन जाण्याचा अधिकार त्यातून आपोआप मिळत नाही, अशी भूमिका येथे योग्य वाटते.

शोध थांबवण्याचा अधिकार वृद्ध व्यक्तीचाच असतो, आणि तो ती शब्दांत बजावेलच असे नाही. बैठकीच्या दिवशी अंग दुखणे, चष्मा हरवणे, विषय नातवाच्या परीक्षेकडे वळवणे, ही नकाराचीच रूपे असू शकतात. पुनरावलोकनातून काहींना समाधानाऐवजी अपराधीपणा आणि खिन्नता येते असा इशारा बटलर यांनीच दिला होता. झोप व भूक उडणे, जगण्याचा कंटाळा बोलून दाखवणे अशी चिन्हे दिसली तर बैठका थांबवून डॉक्टरांकडे जावे. स्मृतिभ्रंश झालेली व्यक्ती ‘आई कधी येणार?’ असे विचारते तेव्हा तिच्याकडून माहिती काढणे किंवा ‘तुमची आई तर लहानपणीच गेली’ असे सांगून तिला दरवेळी नव्याने शोकात लोटणे, दोन्ही टाळावे. आईविषयी तिला जे बोलायचे असेल ते बोलू द्यावे.

गाव सापडलेच, तर तेथे जाण्यातही एक व्यवहार आहे. सत्तर वर्षांनी अचानक आलेली भाची मामेभावांच्या मुलांना आधी हिश्श्याची आठवण करून देते. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींचा जन्मसिद्ध हक्क मान्य झाल्यापासून ही धास्ती वाढलेली आहे. म्हणून पहिली भेट तलाठ्यामार्फत किंवा वकिलाच्या ओळखीने न घेता गावातल्या एखाद्या वयस्क स्त्रीमार्फत घ्यावी, येण्याचे कारण आधीच कळवावे, आणि सातबारा-फेरफाराचे उतारे पिशवीत असले तरी बाहेर काढू नयेत. त्या घरातील सर्वांत वृद्ध स्त्री बहुधा सून म्हणून आलेली असते, म्हणजे तिने हरवलेल्या आईला पाहिलेले नसते, पण सासूच्या तोंडून ऐकलेले असते. वहीतील ‘दुसऱ्याकडून ऐकलेले’ या भागात तिचे बोलणे तिच्या नावासह लिहावे, आणि भेट झाल्यावर घाईने निष्कर्ष न काढता जीवनपुनरावलोकनाची आणखी एक बैठक ठेवावी, कारण ‘आम्हाला टाकले’ असे साठ-सत्तर वर्षे सांगत आलेल्या व्यक्तीला, मामा दोनदा घ्यायला आले होते पण वडिलांनी पाठवले नाही, हे कळले असेल तर आता तिला आजोळाविषयी नव्हे, वडिलांविषयी बोलायचे असते.